सदू, आपला आकडा घसरला

सदू, आधी तुला बरं वाटेल असं सांगतो. आपला वाद मी अजून सोडलेला नाही. तू मध्येच उठून गेलास म्हणून तू जिंकलास, असं मी मुळीच मानत नाही. तेराव्याला तुझ्या फोटोसमोर बसून मी मनातल्या मनात तुला माझे सगळे मुद्दे पुन्हा एकदा ऐकवले आणि तू नेहमीसारखा दात काढून हसत होतास. फोटोतसुद्धा तुला गंभीर बसता आलं नाही. सुधा वहिनी म्हणाल्या, "दुसरा फोटोच सापडला नाही हो. सगळ्यांत हे असेच आहेत."

लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून गेले. रिफायनरीतले तुझे जुने सहकारी म्हणाले की असा इन्स्ट्रुमेंटवाला पुन्हा होणार नाही. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, सदुभाई गेले, आता आमचे मिक्सर कोण बघणार. मी काहीच बोललो नाही. मला जे म्हणायचं होतं त्यात निम्म्या शिव्या होत्या, आणि भटजी समोर बसले होते. म्हणून हे लिहितोय.

सगळं सुरू झालं ते वहिनींच्या स्वयंपाकघरातून. तू निवृत्त झालास आणि तुझी नजर घरातल्या यंत्रांवर पडली. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवलास. कुकरच्या शिट्टीत दोष काढलेस. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्यास. साखरेच्या डब्यावर 'साखर' असं मोठ्या अक्षरात लिहिलंस त्या दिवशी वहिनींचा धीर सुटला. "इतकी वर्षं मी काय मीठ घालत होते का चहात? तुम्ही जरा खाली फिरून या," असं म्हणून त्यांनी तुला दाराबाहेर काढलं. तू खाली उतरलास आणि पाण्याच्या टाकीखालचं ते बंद गॅरेज तुला दिसलं. आत गणपतीचे बांबू, नवरात्रीच्या दिव्यांच्या माळा, एक मोडका झोपाळा आणि उंदीर. तू मला फोन केलास. "मास्तर, खाली ये. जागा मिळाली."

कशासाठी जागा, ते तुलाही माहीत नव्हतं. पण बडोद्याच्या वाडी भागातल्या शाळेत एका बाकावर बसलेलो आपण, म्हातारपणी पार दुसऱ्या भागात, हरणीला, एकाच सोसायटीत येऊन पडलो होतो. त्यामुळे तू बोलावलंस की मी येणार, हे ठरलेलंच होतं. आपण झाडलोट केली. तू तुझी हत्यारं आणून भिंतीला टांगलीस. मग रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले मनोहरराव आले, मग बँकवाले एक भाई, मग प्लांटवाले एक भाई, मग बाकीचे, अर्धे आपले मराठी आणि अर्धे गुजराती. शनिवारी आणि रविवारी सकाळी आपण सोसायटीतल्या मोडक्या वस्तू दुरुस्त करायला लागलो. पंखे, इस्त्र्या, मुलांच्या सायकली, देवळातला पाट. दारावर तू रंगाने 'खटपट मंडळ' असं लिहिलंस. रंग ओघळला. तो पुसून काढू म्हटलं तर म्हणालास, "राहू दे ने. नावाला शोभतो."

तुझा नियम एकच होता: हात रिकामे ठेवून बसायचं नाही. नुसत्या गप्पा मारायच्या असतील तर बाहेर बाक आहे, तिथे जा. आत आलात की काहीतरी धरा, काहीतरी घासा, निदान डबीतले स्क्रू निवडा. मला तेव्हा हे तुझं हुकूमशाहीचं वेड वाटलं होतं.

माझी काय गत झाली ती आठवते का? आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, खडूशिवाय काही हातात धरलं नव्हतं. तू माझ्या हातात सोल्डरिंग गन दिलीस आणि मी पहिल्याच दिवशी ती टेबलाला लावली, वायरला नाही. तो जळका डाग अजून आहे. पण तू पिच्छा सोडला नाहीस. शेवटी मी एक टेबललॅम्प चालू केला तेव्हा तू तो घेऊन थेट आमच्या घरी गेलास आणि कुंदाला म्हणालास, "वहिनी, तुमचा नवरा कामाला आला." कुंदा इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. त्या हसण्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले आहेत. आमच्या घरात ती तेवढी हसायची थांबून बरेच दिवस झाले होते.

बायका हुशार होत्या, हे तुला ठाऊक होतं ना? मला तर खूप उशिरा कळलं. कुंदाच सांगत होती की गॅरेजकडे येणारे निम्मे मिक्सर चांगलेच असायचे. आदल्या दिवशी बाया खालचा स्क्रू ढिला करून ठेवायच्या. शनिवारी सकाळी घर मोकळं मिळण्यासाठी एवढी मेहनत त्यांना परवडत होती. मी चिडून म्हटलं, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "फसवणूक कसली? तुम्ही दुरुस्त करता आणि आम्ही कौतुक करतो."

मग हर्षदभाई आले. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी, भला माणूस, पण त्यांच्या डोक्यात जीम शिरलं होतं. तरुण मंडळींना पाण्याच्या टाकीखाली पळायची मशीनं हवी होती. हर्षदभाई दारात उभे राहिले, आत बघितलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "सदुभाई, काम तो सरस छे. पण कमिटी पूछे छे, फायदो शुं? आंकडा आपो तो हुं लडी शकुं." म्हणजे आकडे दिले तर ते कमिटीशी आपल्या बाजूने लढणार.

तू म्हणालास, पंखे मोजा. मी म्हटलं, पंखे नाहीत, माणसं मोजायला हवीत. या मंडळात येऊन माणसाचं काय होतं, ते मोजू. झोप कशी लागते, मन कसं आहे, दिवस कसा जातो. शून्य ते दहा. आज मोजू आणि पावसाळा सरला की पुन्हा मोजू. जो फरक पडेल तो फायदा.

तू हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडे बघितलंस. "मास्तर, तू माणसाला पट्टी लावणार?"

"तू पाइपला लावायचास ना?"

"पाइप खोटं बोलत नाही रे."

तिथून आपला वाद सुरू झाला. पण मोजणी मी केलीच. आणि पहिल्याच दिवशी सगळा विचका झाला, तो मात्र फक्त आपल्या बडोद्यातच होऊ शकला असता. मी कागद वाटले. त्याच वेळी कोणीतरी लारीवरची सेव-उसळ घेऊन आलं. मग सगळे कोंडाळं करून बसले आणि शाळेतल्या परीक्षेत बसावं तसे एकमेकांच्या कागदात डोकावू लागले. "तमे शुं लख्युं?" "दस." "तो मारा पण दस." एकाने दहापेक्षा कमी लिहायचं म्हणजे दुसऱ्याच्या सेव-उसळीचा अपमान. इथे रस्त्यात कोणी 'केम छो' विचारलं की उत्तर 'मजामां' हेच असतं, मग आदल्या रात्री घरात काहीही झालेलं असो. कागदावरही तेच उतरलं. बँकवाल्यांनी तर मला विचारलं, अकरा लिहिता येतील का. मनोहररावांची बायको उन्हाळ्यात गेली होती. त्यांनीही दहा लिहिले. तू दहा लिहिलेस. मी मोजणारा म्हणून स्वतःला त्यातून वगळलं होतं.

कागद घेऊन मी घरी आलो आणि कपाळावर हात मारला. जे पहिल्याच दिवशी दहा आहे ते वाढणार कुठे? फायदा शून्य. हर्षदभाईंना काय दाखवू?

तुला सांगितलं तर तू खूश. म्हणालास, "रिफायनरीत एखादं गेज रोज तोच आकडा दाखवायला लागलं, तर आम्ही काय आरती करायचो त्याची? टिचकी मारून बघायचो. काटा अडकलाय. तुझे सगळे काटे वर अडकलेत, मास्तर."

"मग टिचकी मार की."

"मारतोय ने रोज. तू बघत नाहीस."

मी खरंच बघत नव्हतो. मला वाटायचं, आपण पंखे दुरुस्त करतोय. एके सकाळी मनोहरराव टेबलफॅनची जाळी घासत होते. खाली मान घालून, हात न थांबवता ते म्हणाले, "घरी जाऊन कुलूप उघडायचं म्हणजे जिवावर येतं. ती असताना मी कधी किल्ली बाळगलीच नाही." कोणी वर बघितलं नाही. हातांतली कामं चालू राहिली. मला वाटलं, आता तू काहीतरी समजुतीचं बोलशील. तू विचारलंस, "मनोहर, तुझ्याकडे जुना रेडिओ असेल ना?" ते म्हणाले, "नाही." तू म्हणालास, "मग तो नाही हे बघायला मी आज येतो." गॅरेज बंद केल्यावर तू त्यांच्याबरोबर गेलास आणि किल्ली तुझ्या हातात घेऊन कुलूप उघडलंस. पुढच्या शनिवारी बँकवाले गेले. मग प्लांटवाले. कोणी ठरवलं नव्हतं, पण मनोहरराव एकटे घरी गेले असा एकही शनिवार मला आठवत नाही.

तेव्हा मला तुझा तो हात रिकामे न ठेवण्याचा नियम कळला. समोरासमोर बसवून आपल्या पिढीच्या पुरुषाला विचारलं, बाबा रे, कसं वाटतंय, तर तो 'मजेत' म्हणेल आणि घड्याळ बघेल. त्याच्या हातात जाळी द्या, त्याची नजर जाळीवर राहू द्या. मग तो बोलतो. त्या पावसाळ्यात सगळे बोलायला लागले. एक म्हणाला, मला नावं आठवेनाशी झालीत, कोणाला सांगायची भीती वाटते. एक म्हणाला, निवृत्त झाल्यापासून फोन वाजतच नाही, म्हणून मी तो तीनदा दुकानात तपासून आणला. त्यावर सगळे पोट धरून हसले, तोही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला सकाळी सकाळी आपले इतके फोन जायला लागले की त्याची बायको वैतागली.

पावसाळा सरला आणि मी दुसरी मोजणी केली. या वेळी शहाणपणा केला. सेव-उसळ बंद, प्रत्येकाला वेगळं बसवलं. कागद गोळा केले, घरी नेऊन बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली. आकडा घसरला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच घसरला होता. कोणाचे सहा, कोणाचे चार. मनोहररावांचे पाच.

मी तसाच तुझ्याकडे आलो. तू गच्चीत वहिनींच्या कुकरची रबरी रिंग उन्हात धरून तपासत होतास.

"सदू, आकडा घसरला."

"केवढा?"

"बराच."

"वाह!" तू जवळजवळ उडी मारलीस. "काटा हलला!"

"खाली हलला, गाढवा."

"अडकलेला काटा कुठेही हलू दे, आम्ही पेढे वाटायचो."

"हर्षदभाईंना पेढा देऊन काय सांगू? आमच्या मंडळात आलेला माणूस दुःखी होऊन परत जातो? ते उद्याच्या उद्या आत पळायची मशीनं लावतील."

त्यावर आपण गच्चीतच भांडलो. माझं म्हणणं साधं होतं, अजूनही तेच आहे. माणसांना पुन्हा विचारायचं: आता मागे वळून बघा आणि तेव्हाचा खरा आकडा सांगा. मग तेव्हाचा खरा आणि आत्ताचा खरा, यांची तुलना करायची. असं करतात, शास्त्राला ते चालतं. तुला ते आवडलं नाही. तू म्हणालास, "म्हणजे माणसाला त्याचंच खोटं परत वाचून दाखवायचं. इतक्या मुश्किलीने बोलायला लागलेत, लाजून परत गप्प होतील." तुझा प्रश्न एकच होता: या आठवड्यात मनातलं कोणाला सांगितलंस का, हो किंवा नाही. मी म्हटलं, हे काही मोजमाप नाही. सांगूनही माणूस दुःखी असू शकतो. तू म्हणालास, "असेल ने. पण एकटा नसेल."

"ते मोजायचं कसं?"

"ते तू बघ. तू मास्तर आहेस."

जाताना मी तुला जिन्यात विचारलं, "सगळ्यांचे आकडे खाली आले, तुझे दहाचे दहाच. खरे आहेत का?" तू कुकरची रिंग डोळ्याला लावलीस, तिच्यातून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आत्ता, या क्षणी, एकदम खरे." वाद शनिवारी गॅरेजमध्ये संपवायचा असं ठरलं. शनिवार यायच्या आधीच, एका सकाळी चहा पिता पिता, तू गेलास.

आता सांगतो ते तुला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि सांगितलं की डॉक्टरांनी तुला आधीच बजावलं होतं. छाती दुखत होती. तपासण्या करा, दवाखान्यात भरती व्हा, उशीर करू नका, असं म्हटलं होतं. तू म्हणालास, कमिटीची मीटिंग होऊ दे, मग होतो. वहिनी म्हणाल्या, "निदान तुम्हाला तरी सांगू द्या म्हटलं. तर मला म्हणाले, आत्ता सांगितलं तर मंडळातले सगळे तोंडं पाडून बसतील आणि मास्तरचा आकडा आणखी खाली जाईल."

मी हसलो, सदू. शपथ घेऊन सांगतो, आधी हसूच आलं. वहिनींनाही आलं. आणि मग तिथेच, तुझ्या त्या 'साखर' लिहिलेल्या डब्याशेजारी उभं राहून मी रडलो. मला तुझा राग आला. अजून आहे. सगळ्या गावाच्या काट्याला टिचकी मारत फिरलास आणि स्वतःचा काटा दहावर धरून बसलास. मनोहररावांनी कुलुपाचं सांगितलं, ते धीराचं होतं. तुझ्या छातीत दुखत होतं ते तू मला सांगितलं नाहीस, त्याला मी काय म्हणू? गच्चीत मी तुझ्याशी तासभर भांडत होतो. तू उन्हात बसून माझ्याशी हिरिरीने भांडत होतास.

पण खोटं का बोलू, त्या क्षणी तू खरोखरच खुशीत होतास. कोणी नाटक करून तशी उडी मारू शकत नाही. तुझे दहा खरे होते की नाही, हे मला कधीच कळणार नाही, आणि मोजणाऱ्या माणसाला अशी शिक्षा दुसरी नाही. कुंदा म्हणते, दोन्ही खरं असू शकतं, दुखणंही आणि दहाही. तिचं बरोबर असेल. मी अजून मान्य केलेलं नाही.

गेल्या रविवारी मीटिंग झाली. तुझ्याशिवाय. मला वाटलं होतं, तुझ्या जाण्यामुळे हर्षदभाई सहानुभूती म्हणून पुढे ढकलतील. त्यांनी ढकलली नाही, आणि ते बरं झालं. वरच्या हॉलमध्ये कमिटी एका बाजूला, आपलं मंडळ दुसऱ्या बाजूला. माझ्या हातात कागद. वाटेत कुंदा म्हणाली होती, आकडे थोडे सांभाळून सांगा. मला जमलं नाही. मी होते तसे सांगितले. आधीचे, आणि नंतरचे.

हर्षदभाईंनी चष्मा काढला. "सर, आ तो घट्या छे ने?"

"हां. घट्या."

"तो फायदो क्यां?"

मी सांगायला लागलो. म्हटलं, पहिल्या दिवशी इथे कोणीही खरं बोललं नव्हतं. सगळे दहा खोटे होते. आता माणसं खरं बोलतात, म्हणून आकडा खाली दिसतो. हे सांगताना मला स्वतःलाच ते वकिलासारखं वाटत होतं. कमिटीतला एक तरुण मुलगा मोबाइल बघायला लागला. हर्षदभाई तसे चांगल्या मनाचे. त्यांना मला मदत करायची होती की नुसतंच काहीतरी विचारायचं होतं, कोण जाणे. ते म्हणाले, "सर, तमारो पोतानो आंकडो शुं छे?"

मी मोजणारा. माझा स्वतःचा आकडा मला कोणी विचारलाच नव्हता. उत्तर म्हणून मजामां म्हणायचं आणि पुढच्या मुद्द्यावर जायचं, तेवढं सोपं होतं. जीभ तिकडेच वळली होती. पण माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, लेका. मी म्हणालो, "त्रण. सदुभाई गया. त्रण पण वधारे छे." तीन, आणि तेही जास्तच.

मला वाटलं, संपलं, आता मशीनं येणार. तेवढ्यात मनोहरराव उठून उभे राहिले. हा माणूस मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही. ते मराठीतच बोलले, कोणाला कळतंय की नाही याची पर्वा न करता. "माझे पाच. पहिल्या दिवशी मी दहा लिहिले होते. खरे दोन होते." आणि खाली बसले.

मग बँकवाले उठले. "मारा सात. ते दिवसे चार हता." मग प्लांटवाले. मग तो फोनवाला. एकेक जण उभा राहून दोन आकडे सांगत होता, तेव्हाचा खरा आणि आत्ताचा खरा. कोणी विचारलं नव्हतं. कोणी लाजलं नाही. तरुण मुलाने मोबाइल खिशात टाकला. मी कागद बाजूला ठेवून नुसता ऐकत होतो. मला जे विचारायचं होतं ते त्यांनी आपणहून सांगितलं. आता यात माझी पद्धत बरोबर ठरली, की कोणाला तरी खरं सांगितलंत का हा तुझा प्रश्न बरोबर ठरला, यावर आपण आणखी दहा वर्षं भांडलो असतो. माझ्या मते माझी ठरली. तुझं उत्तर मला ऐकू येतंय, पण ते मी इथे लिहिणार नाही.

गॅरेज राहिलं, सदू. मशीनं वरच्या हॉलच्या कोपऱ्यात लागणार आहेत. वहिनींनी तुझी हत्यारं मंडळालाच दिली, फक्त तो छोटा स्क्रू ड्रायव्हर स्वतःकडे ठेवला. म्हणाल्या, मिक्सरला लागतो.

मीटिंग संपल्यावर सगळे पांगले आणि हर्षदभाईंनी मला जिन्यात गाठलं. हा माणूस कमिटीत इतका टापटीप असतो, पण जिन्यात तो नुसता उभा राहिला आणि शब्द शोधायला लागला. मग म्हणाला, "सर, मारा बापुजी..." त्यांचे वडील गावचं घर बंद करून आता त्यांच्याकडे राहायला आलेत. दिवसभर टीव्हीसमोर बसतात. विचारलं की सांगतात, मला काही नाही, तू तुझं काम कर. हर्षदभाई म्हणाले, मला पण ते खरंच वाटायचं. आज तुमचं सगळ्यांचं ऐकलं. शनिवारे मोकलुं, पाठवू का त्यांना?

काल शनिवार होता. बापुजी आले. पांढरं शुभ्र धोतर, कडक टोपी, आणि ताठ मान. हर्षदभाई त्यांना दारापर्यंत सोडून लगेच निघून गेले, कारण बापुजींनी हाताने त्यांना जायला सांगितलं. मी त्यांना खुर्ची दिली, हातात एक मोडकी इस्त्री दिली आणि नव्या माणसाला विचारतो तसं विचारलं, शून्य ते दहा, किती? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या प्रतिष्ठेवर बोट ठेवलं. "दस लखो," ते म्हणाले. "आपणने शुं दुःख होय?" आणि इस्त्रीचा स्क्रू उलट्या बाजूने फिरवायला लागले.

मनोहरराव त्यांच्या शेजारी सरकून बसले. मी दहा लिहून घेतले. ते कधी खाली येतात, याची आता आम्ही सगळे वाट बघतोय.